प्रयोंगदाजींचं युरियाचं पोतं

प्रयोंगदाजी बोलायला तसा कमीच. थायलंडात कांचनबुरीच्या अंगाला, कालव्याकडेला त्याचं चार राय, म्हणजे दीडेक एकर रान, आणि त्यात बारा महिने बेबी कॉर्न. एक तोडा संपला की नांगर, नांगर संपला की पेरा. कणसाला मिशा फुटल्या न फुटल्या तोवर ते तोडायचं, बोटाएवढं असताना. अंगठ्याएवढं जाड झालं की खरेदीवाला घेत नाही, मग ते गायीपुढं जातं. त्यामुळं दाजीला सगळ्याचीच घाई असते, फक्त बोलायची नाही.

वाण निवडायचा म्हटला की हा माणूस तीन जातींच्या तीन ओळी लावून बघणार. उंच जातीचा रुबाब मोठा, पण कालव्यावरचं वारं सुटलं की ती सपाट लोळते. दुसरीला कणसं बक्कळ, पण दाणे वाकड्या ओळीचे. म्हणून दाजीनं आखूड, जाड बुंध्याची जात धरली. खताचंही तसंच. खालची पानं बघायची, माती मुठीत दाबायची आणि मग आकडा काढायचा.

या आकड्यानंच घात केला.

शेवयांच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "दाजी, औंदा युरिया किती टाकताय?"

"रायला सदतीस किलो," दाजी म्हणाला आणि पुन्हा वाडग्यात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी लॉटरी फुटली; ती दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला फुटते. शेवटचे दोन आकडे तीन आणि सात. त्याची मेव्हणी बुनरुआन टपरीवर बाजूलाच बसलेली, तिनं तेवढ्यावर तिकीट घेतलं होतं. सांजच्याला ती डुकराचं उकडलेलं मुंडकं ताटात घेऊन दाजीच्या रानात आली. तिथं खोपटात युरियाचं पोतं होतं. तिनं ताट पोत्यापुढं ठेवलं, उदबत्ती लावली आणि हात जोडले.

"ह्ये कुणासाठी?" दाजीनं विचारलं.

"तुमच्यासाठी न्हाई, दाजी. तुमी बाजूला व्हा."

आठवड्याभरात पोत्याला लाल, पिवळ्या, हिरव्या फडक्यांचा पट्टा बांधला गेला. पुढं लाल सोड्याच्या बाटल्या मांडल्या, त्यात नळ्या घातल्या, म्हणजे पोत्याला ओढायला बरं. बाया पोत्यावर पावडर चोळायच्या, आकडा उमटतो का ते डोळे बारीक करून बघायच्या. एकीला आठ दिसायचा, दुसरीला तोच उंदीर दिसायचा.

इकडं मका गुडघ्याला लागला. युरियाचा दुसरा हप्ता याच वेळेला पडायला लागतो, तुरा बाहेर यायच्या आधी. मागून टाकलेलं नुसत्या पानाला जातं, कणसाला नाही. खालची पानं टोकाकडनं पिवळी पडायला लागली. दाजीनं विळा घेतला आणि पोत्याची शिवण उसवायला वाकला.

बुनरुआन आडवी आली. "देवाचं पोट फाडताय व्हय?"

"युरिया हाय त्यो."

"सोळा तारखेपातूर दम धरा. लॉटरी फुटली की मग फाडा."

"तवर मका तुऱ्यावर यील."

"मक्याला काय कळतंय, दाजी. त्याला सांगा उद्या."

दाजीनं खरंच मक्याकडं बघितलं. मका काही बोलला नाही.

"दुकानातनं दुसरं आणतो."

"आणा की. त्यालाबी पूजू."

दाजीची बायको लामयाय हे सगळं ऐकत शेजारच्या रानातली कणसं सोलत होती. तिच्या हातातली पाती कधी थांबत नाही. ती म्हणाली, "बुने, रातीला पोतं सपनात आलं माझ्या."

बुनरुआन तिथंच खाली बसली. "काय म्हणलं, आक्का?"

"म्हणलं, मला मुळाशी पुरा. मक्याचं जे ताट पयलं हिरवं हुईल, त्याची पानं मोजा, त्योच आकडा."

सकाळी निम्मं गाव चमचे घेऊन हजर. पोत्याला नमस्कार करून शिवण उसवली. दाजीचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. आपलंच ताट आधी हिरवं व्हावं म्हणून एकेकजण शिगोशीग चमचे बुंध्यालाच ओतायला लागला. जास्त झालं की मका जळतो.

"अरे, एकच चमचा घाला," दाजी ओरडला.

"एक म्हणले," मागनं कुणीतरी बोललं, आणि दोघं तिकीटवालीकडं पळाले.

"दोन ताटांत मिळून..."

"दोन बी म्हणले. बारा घ्या, बारा."

दाजीनं तोंड मिटलं. मात्रा सांगितल्याशिवाय रान वाचत नव्हतं, आणि सांगितली की तिकीट होत होतं. शेवटी तो ओळीत उतरला. चमचा भरला, बोटानं वरचा ढीग सपाट केला, बुंध्यापासून वीतभर लांब टाकला, वर माती ओढली. मग पुढं सरकला. पुन्हा तेच. त्याच्या मागं चार-पाच जण मुकाट तसंच करत निघाले. यात काहीतरी मंतर असणार असं त्यांना वाटलं.

दाजीच्या मागनं गेलेल्या ओळी हिरव्यागार झाल्या, कणसं सरळ, बोटाएवढी, खरेदीवाल्यानं एकही परत केलं नाही. बाकीच्या जळाल्या आणि गायीपुढं गेल्या. निम्मं रान हाताला लागलं. लॉटरी मात्र कुणालाच लागली नाही.

"चमचा सपाट करायचा न्हवता, दाजी," बुनरुआन म्हणाली. "आकडा सांडला त्यात."

फडकी सोडून तिनं घरी नेली. सोडा लामयाय प्याली.

पुढच्या पेऱ्याला दाजी खताच्या दुकानात गेला. बियाण्याच्या वाणाच्या नावातच आकडा असतो, म्हणून नाव न घेता पिशवी नुसती बोटानं दाखवली.

"आन् युरियाची पोती किती?" दुकानदारानं विचारलं.

दाजीनं बोटं दाखवायला हात वर केला. मागं वळून बघितलं आणि हात खिशात घातला. मग आपणच गोदामात शिरला, एक पोतं खांद्यावर घेतलं, बाहेर गाडीवर नेऊन टाकलं आणि दुसऱ्यासाठी आत आला.

बुनरुआन दारात उभी होती. किती खेपा होतात ते मोजत.