तीन कप कॉफी

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. एका सुखवस्तू घरातून मागणी आली होती, आणि मला तर अमरावतीला कॉलेजात जायचं होतं. बाबा शाळामास्तर. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. माणूस भला, पण निर्णयाची वेळ आली की पेपर उघडून बसायचा.

त्या उन्हाळ्यात आमच्या अमडापूरच्या वाचनालयाने पुण्याच्या एका प्राध्यापकांना व्याख्यानाला बोलावलं. विषय होता व्हिएन्ना. त्या शहरातल्या कॉफीच्या दुकानांत म्हणे डॉक्टर, चित्रकार, गवई, गणिती एकाच टेबलाशी बसून वाद घालायचे. मनाच्या आजारावरचे उपचार, नवं संगीत, नव्या धर्तीच्या इमारती, आजचं निम्मं जग त्या वादांतून उभं राहिलं. पुरुष सतरंजीवर ऐकत होते, आम्ही बायका मागे ओट्यावर. "आपल्या पारावर बी लोक दिवसभर बसतेत, पन निंगत काई नाई," शेजारची काकू पुटपुटली आणि ओट्यावर खसखस पिकली.

शेवटी प्राध्यापक म्हणाले, शंका विचारा. आमच्याकडे पाहुण्याला शंका विचारत नसत, तो अपमान वाटे. आभार मानून नारळ द्यायचा. अध्यक्ष नारळ घेऊन उठलेही. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "तिथं टेबलाशी बाया बी बसत का हो?"

आवाज माझ्या आईचा होता. मी शरमेने मान खाली घातली.

प्राध्यापक थांबले. "फार थोड्या," ते म्हणाले. "हे मी आधीच सांगायला हवं होतं."

मी मान वर केली. आई पदर सावरत होती, आणि ती मला फार, फार आवडली.

घरी येताना बाबा नेहमीसारखे पुढे चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आजारपणासाठी जपलेली कॉफी काढली, सवयीने जायफळ किसलं आणि तीन कप भरले. एरवी बाबांचा चहा झाला की आम्ही दोघी चुलीपाशी प्यायचो. त्या दिवशी ती आपला कप घेऊन बाबांच्या समोर पाटावर बसली. मलाही म्हणाली, "बस."

मग म्हणाली, "पोरीले अमरावतीले पाठवा. मले असं वाटते."

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. "मले बी तेच वाटत होतं. मंग इतके दिवस तू बोलली काऊन नाई?"

"तुमी कधी बस म्हनलं नाई."