चार बोटांचे अंतर

आमच्या जव्हारच्या घराच्या फाटकाला सध्या एकच खांब आहे. दुसरा माझ्या अचूकतेमुळे पडला.

मी तीस वर्षे वर्तमानपत्रात काढली. आकडा तपासल्याशिवाय पुढे सोडायचा नाही, ही सवय. म्हणून दादाच्या गाडीची मोजमापे माझ्याकडे आली. दादा शिक्षक. वडिलांची जुनी मोटार तो ड्रॅग रेसमध्ये पळवतो. या शर्यतीत दोन गाड्या शेजारी उभ्या करतात, झेंडा पडला की नाकासमोर सुटायचे. (आमच्या घाटात नाकासमोर रस्ता नसल्याने ती माळावर होते.) गेल्या वर्षी झेंडा पडला, मागची चाके जागच्या जागी गरगरली, धूर निघाला आणि समोरचा भिडू पोचून चहा पिऊ लागला. तो भिडू म्हणजे वहिनींचा सख्खा भाऊ!

वहिनींनी निकाल दिला, "यंदा हरलात तर गाडी भंगारात. त्या जागेवर मला नाचणीची पोती ठेवायचीत."

उपाय एकच : मागे रुंद चाके, रुंद टायर. मोखाड्याचा काळूराम मिस्त्री चाकांच्या जुन्या रिमांना पट्टी जोडून त्या रुंद करून आणणार होता. त्याने फोनवर विचारले, "फाटकातून गाडी जाताना बाजूला जागा किती ऱ्हाते?"

टेप वहिनींच्या शिवणाच्या डब्यात होता आणि डबा मागण्याची ती वेळ नव्हती. मी दादाला गाडी फाटकात उभी करायला लावली, हात घालून पाहिला आणि कळवले, "दोन्हीकडे चार-चार बोटं."

"मंग तीन-तीन बोटं वाढवतो. एक बोट मोकळं."

इतका स्पष्ट व्यवहार मी संपादकांशीही केला नव्हता.

शर्यतीच्या सकाळी काळूरामने अंगणातच चाके बसवली. जेवून उठलेल्या पाहुण्याच्या पोटासारखे टायर मडगार्डबाहेर आले होते. दादा खूश. त्याने नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली आणि गाडी सोडली. लिंबे फुटली. पुढची चाके फाटकातून बाहेर गेली. मग "घुर्र्" असा आवाज होऊन गाडी थांबली. मागची चाके दोन खांबांत बुचासारखी बसली होती!

"हँडब्रेक कोणी ओढला?" दादा आतून ओरडला.

"गुरुजी, हवा काढू," काळूराम म्हणाला. हवा काढली. टायर बसले, म्हणजे आणखी पसरले.

"काळू, मी चार बोटं सांगितली होती!"

"मी तीनच वाढवली, भाऊ." त्याने पंजा माझ्या पंजाशेजारी धरला. त्याची बोटे पान्याने आणि कुदळीने घडलेली, माझी पेनाने. त्याची तीन म्हणजे माझी पाच भरत होती.

"भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पेपरात पाऊसही असाच मोजायचे काय हो?"

दादाने मान खाली घातली. "राहू दे. भंगारवाल्याला बोलाव."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वहिनींचा भाऊ. दादाने स्पीकर लावला.

"काय दाजी, निघालात? का यंदा घरीच चाकं जागेवर फिरवताय? ताईला सांगा, नाचणीची पोती मी आणून टाकतो!"

फाटक वहिनींनी स्वतः उभे राहून बांधून घेतले होते. खांबावर त्यांच्या पसंतीचा निळा रंग होता. त्यांनी पदर खोचला.

"काळू, पहार आण."

"वहिनी, खांब..." काळूराम म्हणाला.

"खांब पुन्हा बांधता येतो. त्याचं तोंड बंद करायला वर्षातून एकच दिवस मिळतो!"

पहिला घाव त्यांनीच घातला.

हवा पुन्हा भरून आम्ही वेळेत पोचलो. झेंडा पडला. रुंद टायरांनी जमीन धरली आणि दादा दोन गाड्यांच्या अंतराने जिंकला. (हे अंतर पंचांनी मोजले. मला लांब उभे केले होते.)

गाडी राहिली. पोती माझ्या खोलीत आली. वहिनींच्या हुकमावरून मी खुलासा लिहून उरलेल्या खांबावर चिकटवला : 'फाटकातील अंतर चार बोटे असे कळवण्यात आले होते. ते "भाऊजींची चार बोटे" असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

पडलेल्या खांबाच्या बाजूने आत आलेल्या शेळीने दुसऱ्याच दिवशी तो कागद खाल्ला. माझ्या लिखाणाची इतकी तत्पर दखल तीस वर्षांत कोणी घेतली नव्हती!