हाराचा फोटो

प्रकाशा गावच्या धनसिंगला आमच्या तापीकाठी लग्नघरी फोटोग्राफर म्हणत आणि आजाऱ्याच्या घरी हारवाला. म्हातारं माणूस अन्न सोडायला लागलं, की इकडे मुलं आधी डॉक्टरला बोलावतात आणि मग धनसिंगला. भिंतीवर टांगून पुढे ज्याला हार घालायचा, तो फोटो माणूस जिवंत असतानाच काढून घ्यायचा. लेकरांच्या मधोमध बसवून, डोळे उघडे असताना. त्या माणसाला सांगायचं, बँकेत लागतो.

धनसिंग हे काम मन लावून करायचा. नवा कॅमेरा आल्यापासून तो उंच दांड्यावर चढवायचा आणि खाली उभा राहून मोबाइलवरून फोटो काढायचा. बोटाने बटण दाबणारे गावोगाव पडलेत, म्हणायचा.

ब्राह्मणपुरीच्या चुनीलाल आप्पांना भर उन्हात अंगणात आणलं होतं. केळीच्या बागा राखून तो देह तांबूस झाला होता, आता चिपाडासारखा हलका. डोक्यावर फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा. मान सांभाळता येईना म्हणून छाती उपरण्याने खुर्चीला बांधलेली. मागे मुलगे, सुना, नातवंडं दाटीने उभी.

धनसिंगने मोबाइल समोर धरला. चित्र आलं आणि गेलं. पडदा काळा.

“पानी,” आप्पा म्हणाले.

“फोटो व्हऊ द्या, आप्पा,” थोरली सून रंजनाबाई म्हणाली. “सदरा वला व्हई जाई.”

धनसिंगने कॅमेरा बंद करून चालू केला. बॅटरी बदलली. सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. चित्र पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

“काय रे धनसिंग,” थोरला मुलगा राजेंद्र म्हणाला, “तुन्हा कॅमेराले बी डॉक्टर बलावू का?”

मागच्या रांगा हसल्या. धनसिंगचे कान लाल झाले.

सासरहून आलेली लेक कामिनी रांगेतून पुढे आली. “धनाभाऊ, शिडी शे ना. वर चढीसन बोटघाई बटन दाबी द्या. आप्पाले पान्यानी तीस लागनी.”

“शिडीवर चढाले मी रंगारी शे का, बहीण? दोन मिंट.”

ती घरात गेली आणि पाण्याचा लोटा घेऊन आली. राजेंद्रने तो मध्येच काढून घेतला. “आते हालाडू नको त्यासले. समदं नीट बसेल शे.”

आप्पांची जीभ ओठांवरून फिरली. ऊन फेट्यावरून उतरून कपाळावर आलं. धनसिंगचं मात्र मोबाइलवरून लक्ष हटेना. मग त्याला उमगलं. सकाळी ओट्यावर चहा पिताना, लग्नांचे नमुने दाखवायला त्यानेच मोबाइल या घरच्या वायफायला जोडला होता. मोबाइल कॅमेऱ्याशी जोडला जातो तो कॅमेऱ्याच्याच वायफायने, आणि त्यावर इंटरनेट नसतं. म्हणून मोबाइल कॅमेरा सोडून सारखा घराकडे पळत होता. त्याने घराचं वायफाय मोबाइलमधून काढून टाकलं, डेटा बंद केला. चित्र स्थिर राहिलं.

“सापडनं!” तो ओरडला. एवढा आनंद त्याच्या तोंडावर मी लग्नातही पाहिला नाही. “समदा वर देखा!”

सगळ्यांनी वर पाहिलं. आप्पांची मानही किंचित वर होती. धनसिंगने धडाधड फोटो घेतले आणि दोन बोटांनी चेहरे मोठे करून राजेंद्रला दाखवले.

“डोया उघाडा शेतस,” राजेंद्र समाधानाने म्हणाला.

राजेंद्रने खाली ठेवलेला लोटा कामिनीने उचलून बापाच्या ओठांना लावला. घोट आत गेला नाही. तिने खांदा हलवला, गालावर थोपटलं, आणि लोटा तिच्या हातून सुटला. मग अंगणात एकच आकांत उठला.

धनसिंग शिडीवर चढला. दांड्यावरून कॅमेरा काढायला चढावंच लागलं. तो खाली उतरला तेव्हा कामिनी शिडीपाशी उभी होती.

“धनाभाऊ, खरं सांगा. पहिला फोटोमा तरी आप्पा जिता व्हतात का?”

धनसिंगने पिशवीची चेन ओढली.

“समदा फोटो एकदम साफ येल शेतस, बहीण,” तो म्हणाला. “एक बी हालना नही.”