इंजिनावर फोडलेला नारळ

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी वरोऱ्याच्या मिस्त्रीचाचांचं नाव घेतो. घरचे रागावत नाहीत; त्यांनाही ते ठाऊक आहे. आरमोरीकडच्या आमच्या धानाच्या गावात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं, आणि मीही पोचणार नव्हतो, कारण इंजिनाच्या विषयात मी दोनदा नापास झालो होतो. पुस्तकातलं टू-स्ट्रोक इंजिन मला तोंडपाठ होतं. फक्त कळलेलं नव्हतं. एका वर्गमित्रानं मला चाचांच्या गॅरेजात नेलं. त्यांनी समोर उघडून ठेवलेल्या मोपेडचा पिस्टन हातानं वर-खाली केला आणि म्हणाले, "पाह्य, हे दार उघडलं, ते लागलं. जुना धूर भायेर, नवा माल अंदर. याच्यात पाठ कराचं काय हाय?"

तिसऱ्या वेळी मी पास झालो. आता चंद्रपूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात तोच विषय शिकवतो, आणि विद्यार्थी तो पाठ करतात.

आमच्या विद्यार्थ्यांना शर्यतीची कार्ट, म्हणजे जमिनीलगतची छोटी गाडी, बांधायची होती. ज्यांना नवीन इंजिन परवडत नाही ते जुनं घेतात आणि त्याला 'विंटेज' म्हणतात. आम्हीही मोबाइलवरच्या जाहिरातीतून शंभर सीसीचं इटालियन इंजिन मागवलं. 'एकच मालक, चालू स्थितीत, किरकोळ काम.' सगळे फोटो डाव्या बाजूचे होते. उजवी बाजू पार्सल उघडल्यावर दिसली. पिस्टन जाम, आणि धूर जायच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. मालक एकच होता, हे खरं असावं. भाडेकरू बरेच होऊन गेले होते.

मी ते चाचांकडे नेलं. त्यांनी तोंडातली माती खिळ्यानं टोकरली आणि म्हणाले, "मास्तर, हे इंजिन घेतलं का वारूळ?"

"होईल ना, चाचा?"

"होईन. टाइम लागन."

आठवडाभर ते डिझेलमध्ये भिजत पडलं. मग पिस्टन सुटला. चाचांनी क्रँक दाबून वेगळा केला, नवा कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग बसवलं, आणि तांब्याच्या हातोडीनं एकेक टोला देत तो पुन्हा सरळ केला. प्रत्येक टोल्यानंतर मोजमापाचा काटा बघायचे आणि मान हलवायचे. मी पदवीधर, मी बॅटरी धरून उभा होतो. या इंजिनाला क्लच नसतो, गाडी ढकलूनच चालू करावी लागते, हे सांगितल्यावर ते खूश झाले. "मंग तं आपल्याकडचंच हाय!"

पहिल्या ढकलीत ते कॉलेजच्या मैदानावर असं किंचाळलं की शेजारच्या शाळेनं मधली सुट्टी दिली. प्राचार्य गॅलरीत आले. त्याच आवाजाच्या जोरावर मी चाचांना वर्कशॉपमध्ये मानद शिक्षक म्हणून घ्यावं असा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर ठेवला. चाचा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कॉलेजात टाय लावा लागते का, मास्तर?" ते थट्टा करत नव्हते.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा आमच्याकडे सगळेच करतात. चाचाही त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या गाडीला झेंडूची माळ घालू देतात. प्राचार्यांनी प्रमुख पाहुणे बोलावले आणि ते पाहुणे इटलीत घडलेल्या इंजिनासमोर स्वदेशीवर अर्धा तास बोलले. फोटोग्राफर म्हणाला, तो काळा डबा हारात घुसतोय, काढा. तो डबा हवा गाळायचा असतो. माझ्या विषयातला तो प्रश्न दर वर्षी परीक्षेत येतो. मी तो काढला.

नारळ दगडावर फोडायचा असतो. पाहुण्यांना दगड फोटोत नको होता. त्यांनी तो थेट इंजिनावर आपटला. पाणी कार्बोरेटरच्या उघड्या तोंडात गेलं. मी पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या, आणि पाहुण्यांना हात पुसायला रुमाल दिला.

पुढे परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. वर्कशॉपला कुलूप. उघडलं तेव्हा शर्यत चार दिवसांवर होती. पोरांनी गाडी ढकलली, मागची चाकं फिरलीच नाहीत, मातीत दोन रेघा ओढत गेली. शर्यत हुकली. प्राचार्यांनी तीन प्राध्यापकांची चौकशी समिती नेमली. इंजिन कुणीच उघडलं नाही, कारण कपडे चांगले होते. छापील अहवालात एक रकाना होता: दोषाचे कारण. लिहायचं काम माझ्याकडे आलं. पाहुण्यांचं नाव लिहिणं शक्य नव्हतं, आणि माझं लिहायला हात धजेना. मी लिहिलं: 'स्थानिक कारागिराच्या कामातील त्रुटी.' सुवाच्य अक्षरात. त्या आठवड्यात मानद शिक्षकाचा प्रस्ताव परत आला. शेरा होता: अहवाल पाहावा.

इंजिन पुन्हा वरोऱ्याला गेलं. चाचांनी ते खोललं. नवं बेअरिंग तांबडं होऊन चिकटलं होतं, आणि खालच्या खोबणीत करवंटीची नखाएवढी कपची सापडली. त्यांनी ती हुंगली.

"देवाची करनी अन् नारळात पानी म्हंतेत. इथी तं इंजिनात पानी!" पोट धरून हसले. मग बेअरिंग पुसता पुसता म्हणाले, "मंग माह्या नावाचा कागद काऊन परत आला, मास्तर? मी तं बराबर केलतं ना?"

"साहेब बिझी आहेत," मी म्हणालो.

"हव, असतेत बापा," ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना एक कागद दिला, आणि चाचांना हे पत्र टाकलं. फोन केला असता तर मी पुन्हा हवापाण्याचंच बोललो असतो.

'आदरणीय चाचा, सलाम.

तुमचा कागद माझ्यामुळे परत आला. इंजिन तुमच्या कामामुळे बिघडलं असं मी अहवालात लिहिलं होतं. ते खोटं होतं. हवेचा डबा मी काढला, नारळ पाहुण्यांनी फोडला, आणि पाणी आत जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच दिवशी इंजिनात डबाभर रॉकेल ओतून ठेवलं असतं तरी बेअरिंग वाचलं असतं. हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

आज मी दुसरा अहवाल दिला. त्यात हे सगळं आहे, खाली माझी सही आहे, आणि सोबत तुमच्याकडून नेलेली करवंटीची कपची पाकिटात घालून जोडली आहे. साहेब फार रागावले. तुमची जागा मिळेल की नाही, आणि माझी राहील की नाही, हे मला माहीत नाही. पण तुमच्या कामात दोष नव्हता, हे आता कॉलेजच्या कागदावर आहे.

रविवारी येतो. दुकानात घेणार नसाल तर बाहेर उभा राहीन.

आणि टाय लागत नाही. मी विचारलं.'