ॲन आर्बरच्या शांत हॉलमध्ये काकांची दाद

"तू ड्राइव्ह करणार असशील तरच येतो," सुधाकरकाका म्हणाले आणि मी तिथल्या तिथे शुक्रवारची सुट्टी टाकली! काका आमचे न्यू जर्सीत पिस्कॅटवेतले शेजारी. त्यांच्या मेघनानं मेडिकल सोडलं, मिशिगनमध्ये ॲन आर्बरला संगीताचं कंपोझिशन शिकायला गेली, तेव्हापासून बापलेकीत धुसफूस. आता तिची पहिली ऑर्केस्ट्राची रचना वाजणार होती. काकांची अट अशी: ऐकतो, पण पटलं नाही तर मुकाट्यानं मेडिकलला परत. आणि ती वेडी कबूल झाली!

तुम्ही जाणार असाल तर पहाटेच निघा. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर दिवसाउजेडी बघावेत. ओहायो मात्र सरळसोट, झोप आणणारं. टोलला सुटे ठेवा. दशम्या-चटणी बरोबर असली की रेस्ट एरियात फक्त कॉफी लागते. मोटेल गावाबाहेरचं घ्या, स्वस्त पडतं. आणि एप्रिल असला तरी जाड कोट हवाच, बाप रे काय थंडी!

ओहायो संपता संपता टोलेडोपाशी काका म्हणाले, "यात हिचं पोट कसं भरणार गं?"

कार्यक्रम फुकट, हॉल गच्च. प्रोफेसरांनी स्टेजवर मेघनाला विचारलं, तुझ्यावर प्रभाव कुणाचा? तिनं जॅझ सांगितलं, चर्चमधलं गाणं सांगितलं, मग हसून म्हणाली, "बट मोस्टली, माय डॅड्स बेसमेंट." दर शनिवारी काका बेसमेंटमध्ये तबला वाजवत आणि ही जिन्यावर बसून होमवर्क करत असे. काकांनी चष्मा काढून पुसला.

सुरुवातीला मला काही कळेना. मग ड्रम आणि चेलो एका ठेक्यात शिरले आणि यार, अंगावर काटा! काकांची बोटं मांडीवर चालू झाली. शेवटाकडे अख्ख्या ऑर्केस्ट्रानं तिहाई घेतली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा धाडकन समेवर! काका खणखणीत ओरडले, "वा! क्या बात है!"

व्हायोलिनं अजून हळूच वाजत होती. इथे शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी खोकतसुद्धा नाही हो! सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मी खुर्चीत जमेल तेवढी खाली सरकले.

"सॉरी बाळा, तुझं नाक कापलं मी," काका बाहेर मेघनाला म्हणाले. ती त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. परतीच्या वाटेवर मेडिकलचा म पण निघाला नाही. काका डॅशबोर्डवर तीच तिहाई बडवत होते, आणि मी पण साथीला!

घरी आल्यावर पाठदुखी आठवडाभर राहिली, आनंद अजून आहे. परवा कार्यक्रमाची सीडी आली. काकांनी लगेच स्पीकरवर मेघनाला फोन लावला. "अगं, माझं ते ओरडणं काढायला सांग ना."

"इंजिनिअरनं काढलं होतं, बाबा. मीच परत घालायला लावलं."