घोगरा सूर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, त्याची माफी असावी. हे कुणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागितली की माझा हात चालतो.

माझा नवरा हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायचा. वडशाला पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे मुसलमान भाऊ आहेत, त्यांच्याकडून त्याने ती उधारीवर घेतली होती. भाता फाटला म्हणून पेटी त्यांच्याच दुकानात पडली होती, तेव्हा तो तापाने गेला. अर्धे पैसे द्यायचे राहिले होते. भाऊ म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो बाई. मंग नाटकं सुरू होतात, गिऱ्हाईक येते."

सासू म्हणाली, "वाजवणारा गेला. आता पेटीचं का लोणचं घालतं?"

त्या पेटीत मधला एक सूर घोगरा होता. मंडपात बायांच्या शेवटी बसले तरी तो सूर आला की मला कळायचं, हा वाजवतोय. तो दुसऱ्या कुणाच्या बोटाखाली, आमच्याच गावच्या मंडपात ऐकू यायला नको, एवढंच मला वाटत होतं. दुसरं काही वाटत नव्हतं.

धानाच्या रोवणीची मजुरी आली, मग निंदणाची. बाजाराच्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर पदरातले पैसे ठेवायची. मी बोलत नाही म्हणून भाऊच बोलायचे. हात कुठल्यातरी पेटीत आणि तोंडाने गाण्याचा इतिहास.

"पहिले मंत्र गात, दोन-चार सुरांत. मंग मंदिरात, राजाच्या दरबारात ध्रुपद आलं. संथ, वजनदार. त्याच्या मागून खयाल. गवयाले मोकळीक भेटली, एकच ओळ घंटाभर फिरव म्हणे. मंग घराणी झाली. ह्या घरचं त्या घरी सांगाचं नाई! ठुमरी झाली, आपल्याकडं नाटकातलं गाणं झालं. तबकड्या आल्या तं घंटाभराचा राग तीन मिनटात कोंबला बिचाऱ्यांनी."

दुसऱ्या बाजारी पेटीचं सांगितलं. "हे सगळ्यात धाकटी. गोऱ्यांच्या मुलखातून आली. गळा एका सुरावून दुसऱ्यावर घसरत जाते, पेटी उडी मारते. म्हणून रेडिओवर तिले कितीक वर्षं बंदी होती. आन् आता तिच्याबिगर कोणाचं चालते?" ते एकटेच हसले.

मी ऐकत राहायची. नावं लक्षात राहिली. घरी येऊन चूल पेटवताना ती मनात म्हणायची, ध्रुपद, खयाल, ठुमरी. तेवढा वेळ दुसरं काही मनात येत नसे.

एकदाच मी विचारलं. "भाऊ, आमच्या गावात आम्ही गोंड लोकं फेर धरून रेला गातो. त्याचं नाव काऊन नाई यात?"

स्क्रू पिळणारा त्यांचा पेचकस थांबला. "मले उस्तादानं सांगितलं तेवढंच मी सांगून राह्यलो बाई. तुमच्याकडं कोणी इचाराले गेलंच नसन."

धान कापणीची मजुरी मिळाली आणि दिवाळीच्या आधीच्या बाजारी मी राहिलेले सगळे पैसे घेऊन गेले. भाऊंनी पेटी पुसून समोर ठेवली होती. भात्याला नवं चामडं होतं.

"आन् एक काम फुकटात केलं," ते म्हणाले. "मधला सूर घोगरा होता न, तो घासून सारखा केला. तुया नवऱ्याले मी कितीकदा म्हटलं, ठेवून जा. पण त्याले टाइम कुठी?"

त्यांनी ती पट्टी दाबली. सूर साफ आला, दुकानातल्या बाकीच्या पेट्यांसारखा. त्यांनी पुन्हा दाबली आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"चांगला झाला," मी म्हटलं.

पदराची गाठ सोडून पैसे पायरीवर ठेवले. त्यांनी दोनदा मोजले. उधारी पूर्ण फिटली, पेटी माझी झाली.