इरकली लुगड्यावरचा हिरवा रफू

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पाळकांपाशी नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हासुद्धा ओठावर आणलं नाही — देवाला ठाऊकच आहे म्हणायचं नि पुढं सरकायचं. आता तुला सांगते.

लढाईचे दिवस होते. कऱ्हाडजवळ मलकापुरात आम्ही राहायचो. नवरा पलटणीत कारकून, दूर मुलखात. त्याचा टोपीतला फोटो मी दारासमोरच लावलेला, येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून. खाटेखाली एक लोखंडी ट्रंक होती, तिला मोठं कुलूप. आत काय होतं सांगू? जुनी वर्तमानपत्रं. किल्ली मात्र मी कमरेला खोचून हिंडायची. काय बाई होते मी!

मागच्या खोपटात सारजाआत्या राहायची. नात्याची नव्हे, सगळेच तिला आत्या म्हणत. विधवा, मूळची जतकडची, दोन शेळ्या नि दया नावाची लग्नाला आलेली मुलगी, एवढाच संसार. पण कुणाचं पोर तापलं की शेळीचं दूध आधी तिकडं जायचं. स्वतः कोरा चहा प्यायची. मला तिचा राग यायचा. का? अजून नीट सांगता येत नाही — तिला काही कमी पडतंय असं कधी वाटायचंच नाही, म्हणून असेल.

कापणीचा सण आला. आमच्या ख्रिस्ती देवळात त्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं धान्य, अंडी, भाजी आणून वाहायची. सगळ्या नटून येतात. मला नेसायला धड काही नव्हतं, नि लढाईपायी कापडावर सरकारी कंट्रोल, मिळतंय कुठं? सारजाआत्याकडं एक इरकली लुगडं होतं, जांभळं, तांबड्या पदराचं, तिच्या आईनं दिलेलं. दयाच्या लग्नासाठी जपून ठेवलेलं. मी मागितलं. तिनं "का" म्हणून विचारलंसुद्धा नाही.

पदराला एके ठिकाणी जळल्याचं भोक होतं, त्यावर हिरव्या दोऱ्याचा चौकोनी रफू. बायकांनी तो पाहिलाच. मी म्हटलं, माहेरचं लुगडं, इस्तरीचा निखारा पडला बघा. इस्तरी! मी जन्मात इस्तरी हातात धरली नव्हती. त्या दिवशी पाळकांनी उपदेश केला तोही श्रीमंतीवरच — असलेल्या आणि दाखवायच्या. मी मान डोलवत ऐकला, पदर सारखा करत.

दुसऱ्या दिवशी लुगडं परत दिलं. तिथंच संपायला हवं होतं, नाही का?

चार महिन्यांनी दयाची सुपारी फुटायची होती. सांगलीची माणसं आली, देवळाच्या पडवीत बैठक बसली. दया बाहेर आली ती तेच लुगडं नेसून. पोरगी काय दिसत होती! आणि एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं, हे तुझं न्हवं का? त्यो बघ रफू."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. एक शब्द पुरला असता — "मीच मागून नेलं होतं." एवढंच. जीभ झडली असती का माझी?

मी म्हणाले, "व्हय. लय दिवस झालं, सापडंनाच झालंय."

सारजाआत्या उठली. "आवं, माझ्या आईचं हाय ते. चुलीची ठिणगी उडली, मीच शिवलंय."

तेव्हा मी जे केलं ते सांगायलाच इतका वेळ घोळ घालतेय. घाबरून केलं म्हणावं तर तसंही नव्हतं. मला जिंकायचं होतं. मी हसले. म्हणाले, "हिथं सगळ्यास्नी ठावं हाय की, निखारा इस्तरीतनं पडला. आवं आत्या, तुमच्यात इस्तरी तरी हाय का?"

बायका हसल्या. खो खो हसल्या. शेळ्या राखणाऱ्या बाईकडं कुठली इस्तरी, आणि कुठलं असलं लुगडं! सांगलीची माणसं चहा तसाच ठेवून उठली. दया भिंतीला टेकून उभी होती. पदर तिनं मुठीत धरलेला, रफूवरच.

त्या हसण्यानं मला बरं वाटलं. हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाआत्या दारात आली. लुगडं धुऊन, घडी घालून आणलेलं. फोटोकडं तिनं पाहिलं, ट्रंकेकडं पाहिलं. "ठेव," म्हणाली. "तुझ्यापाशी काईच न्हाई गं." शिवी दिली असती तर मी भांडले असते. तिच्या आवाजात राग नव्हता, कीव होती.

दयाचं लग्न पुढं कधीच झालं नाही. चोराच्या घरची म्हणून कुणी तिला विचारलंच नाही.

लुगडं मी ट्रंकेत ठेवलं. खरी वस्तू अशी तेवढीच होती तिच्यात. वर्षानं कापणीचा सण आला, तेव्हा मी ते नेसले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. सारजाआत्या अंडी घेऊन आली, माझ्या समोरूनच गेली. मी रफू वर येईल असा पदर घेतला होता.